मदत हवी आहे: एकच मराठी नाव, पण जावास्क्रिप्ट, पायथन, जावा आणि गोमध्ये लांबीचा मेळ बसत नाही

पिंपळपान:

मंडळी, शाळांच्या ओळखपत्रांवर मराठीत नावं छापायची प्रणाली आहे. फॉर्म जावास्क्रिप्टचा, सर्व्हरवर पायथन ३, डेटाबेस ओरॅकल, कार्डाची पीडीएफ जावातून निघते आणि रोजचा अहवाल गो भाषेतली एक छोटी सेवा काढते. नमुन्याला 'ज्ञानेश्वर कुऱ्हाडे' हे नाव घ्या.

१. फॉर्मची मर्यादा २०. नाव १९ भरतं. तेच नाव दुसऱ्या शाळेच्या फाइलमधून आलं की २० भरतं. पडद्यावर दोन्हींत तसूभर फरक दिसत नाही, पण एक शोधलं तर दुसरं सापडत नाही.
२. डेटाबेसचा रकाना ५० चा आहे, तरी नाव बसत नाही. ओआरए-१२८९९ ही एरर येते.
३. गो याच नावाची लांबी ५५ सांगते.
४. जावा १५ वर कापते, तेव्हा कार्डावर 'ज्ञानेश्वर कुऱ्' एवढंच उरतं.
५. पायथनमध्ये रेगेक्सनं (मजकुरातले नमुने शोधायच्या सूत्रानं) शब्द वेगळे केले तर 'मराठी'चे 'मर' आणि 'ठ' असे दोन तुकडे होतात.
६. हजेरी क्रमांक '१२' असा देवनागरीत भरला तर पायथन घेतं, फॉर्म घेत नाही.

डोळ्यांनी मोजलं तर मधली मोकळी जागा धरून आठच अक्षरं आहेत. खरा आकडा कोणता धरायचा? आणि प्रत्येक भाषेत नेमकं काय बदलायचं?

खटपट्या:

चारही आकडे खरे आहेत, फक्त प्रत्येक जण वेगळी वस्तू मोजतोय.

गो बाइट मोजते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. तुमच्या नावात अशी १८ चिन्हं आणि एक मोकळी जागा, म्हणजे ५४ अधिक १, ५५. ओरॅकलचं दुखणं तेच: व्हारचार२ रकान्याला नुसतं ५० लिहिलं तर मूळ सेटिंगनुसार ते ५० बाइट असतात. रकाना बनवताना आकड्यापुढे 'चार' हा शब्द लिहा, म्हणजे चिन्हं मोजली जातील. मायएसक्यूएलमध्ये हा त्रास नाही, तिथे व्हारचारची मर्यादा चिन्हांतच असते. मात्र तिथलं लेंग्थ फंक्शन बाइट देतं, चिन्हांसाठी कॅरॅक्टर-लेंग्थ वापरावं लागतं. पीएचपीतही तीच जोडी: एसटीआरलेन बाइट देतं, एमबी-एसटीआरलेन चिन्हं.

पायथन ३ कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडनं क्रमांक दिलेली सुटी चिन्हं, मोजतं. ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र ही दहा, मग मोकळी जागा, मग क, उकार, ऱ, हलन्त, ह, काना, ड, मात्रा ही आठ. एकूण १९. जावा आणि जावास्क्रिप्ट यूटीएफ-१६ चे घटक मोजतात, पण रोजच्या मराठीतली सगळी चिन्हं एकेका घटकात बसतात, म्हणून तिथेही १९ च. इमोजी आला की मात्र पायथनचा आकडा या दोघांपासून फुटतो.

तुमचे डोळे मोजतात ते ग्राफीम, आणि इथे एक खाच आहे. युनिकोड १५.१ च्या आधीचा मूळ नियम हलन्तानंतर तुकडा पाडायचा: ज्, ञा, ने, श्, व, र. त्या हिशेबानं तुमचं नाव ११ भरतं. २०२३ च्या १५.१ आवृत्तीत देवनागरीसकट काही भारतीय लिप्यांतली जोडाक्षरं अखंड ठेवायचा नियम आला, म्हणून नव्या लायब्ररीत ८. पायथनमध्ये रेगेक्स नावाचं वेगळं पॅकेज घेऊन त्यातलं बॅकस्लॅश-कॅपिटल-एक्स वापरा, जावातही हेच चिन्ह ९ व्या आवृत्तीपासून आहे. जावास्क्रिप्टमध्ये इंटल-सेगमेंटर. प्रत्येक ठिकाणी 'विद्यार्थी' घालून पाहा: ३ आले तर नवा नियम, ५ आले तर जुना. चार भाषांत दोन नियम चालू असतील, तर ग्राफीमवर मर्यादा ठेवण्यात अर्थ नाही.

सातबारा:

१९ आणि २० चं कोडं 'ऱ्हा'मध्ये आहे. हे अक्षर दोन वाटांनी टाइप होतं. एक, ऱ (युनिकोड क्रमांक यू+०९३१) अधिक हलन्त अधिक ह. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून 'जे' दाबलं की हाच ऱ येतो. दुसरी वाट: साधा र, हलन्त, मग न दिसणारा जोडक, म्हणजे झीरो विड्थ जॉइनर, आणि मग ह. या वाटेत एक चिन्ह जास्त, म्हणून २०.

इथे बरेच जण नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) करून मोकळे होतात, पण एनएफसी हा त्याचा नेहमीचा प्रकार या दोन रूपांना एक करत नाही. ते फक्त र अधिक नुक्ता (अक्षराखालचं टिंब) असं आलेलं जुळवून ऱ करतं. ड़ आणि ढ़ यांच्याबाबतीत तर उलट घडतं, एकसंध आलेलं ड़ एनएफसीनंतर ड अधिक नुक्ता असं दोन चिन्हांचं होतं. म्हणून लांबी मोजायची ती नेहमी नॉर्मलायझेशननंतर.

न दिसणारी चिन्हं सरसकट पुसून टाकायचा मोह होईल, तो कटाक्षानं टाळा. दुसऱ्या वाटेनं लिहिलेल्या 'दऱ्या'मधला जोडक काढला की उरतं 'दर्या'. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झाला, आणि 'आचाऱ्यांना' जेवण वाढायला सांगितलेलं 'आचार्यांना' गेलं. मराठीत हा फरक अर्थाचा आहे.

मजकूर आत येतो त्याच जागी, एकदाच, या क्रमानं साफ करा:
- एनएफसी करा. पायथनमध्ये युनिकोडडेटा, जावात नॉर्मलायझर, जावास्क्रिप्टमध्ये स्ट्रिंगवरच नॉर्मलाइझ.
- र, हलन्त, जोडक हा क्रम दिसला की त्याजागी ऱ, हलन्त.
- अ अधिक चंद्र असेल तर ॲ (यू+०९७२), आ अधिक चंद्र असेल तर ऑ. 'ॲड.' दोन्ही प्रकारे सारखंच दिसतं, पण एनएफसी याला हात लावत नाही.
- दोन अक्षरांच्या मध्ये कोलन सापडला तर विसर्ग (यू+०९०३). 'दु:ख' असं कोलन घालून लिहिलेलं सर्रास येतं. शब्दाच्या शेवटच्या कोलनला हात लावू नका, 'नाव:' मधला कोलन खरा कोलन असतो. आकड्यांमधलाही सोडा, नाहीतर १०:३० ची वेळ बिघडेल.

दुसरीघंटा:

पाचव्या-सहाव्या मुद्द्याचं भाषेनुसार वेगळं सांगते, कारण एका भाषेचा उपाय दुसरीत चालत नाही.

पायथन: अंगभूत रेगेक्स मॉड्यूलमधलं बॅकस्लॅश-डब्ल्यू फक्त अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर धरतं. काना, वेलांटी, मात्रा, हलन्त ही युनिकोडच्या लेखी 'मार्क', म्हणून शब्द तिथे तुटतो. याच कारणानं 'मराठी' या शब्दावर इजअल्फा (सगळी अक्षरंच आहेत का ते पाहणारं फंक्शन) चालवलं तर फॉल्स येतं. वर सांगितलेल्या रेगेक्स पॅकेजात मार्क शब्दातच धरले जातात.

जावा: मूळ बॅकस्लॅश-डब्ल्यू फक्त रोमन अक्षरांपुरतं. पॅटर्न बनवताना युनिकोड-कॅरॅक्टर-क्लास हा फ्लॅग द्या, मग मार्कही येतात आणि तो न दिसणारा जोडकही.

जावास्क्रिप्ट: इथे बॅकस्लॅश-डब्ल्यू मराठीला कधीच धरत नाही, यू फ्लॅग लावूनसुद्धा नाही. बॅकस्लॅश-पी लिहून महिरपी कंसात एल आणि एम असे दोन वर्ग एका चौकटीत घ्या, जोडक वेगळा घाला आणि यू फ्लॅग विसरू नका. तो नसेल तर बॅकस्लॅश-पी म्हणजे नुसतं पी हे अक्षर शोधलं जातं, एररही येत नाही. चूक सापडायला म्हणूनच वेळ लागतो.

आकड्यांचं: पायथनचं इंट आणि जावाचं पार्सइंट '१२' ला निमूट बारा समजतात. जावास्क्रिप्टचं नंबर एनएएन (म्हणजे 'हा आकडा नाही') देतं, गोचं एटॉय एरर देतं. फॉर्ममध्येच देवनागरी अंक इंग्रजी अंकांत बदला. दहाच चिन्हं आहेत, ० चा कोड वजा केला की काम झालं. पायथनमध्ये बॅकस्लॅश-डी मराठी अंक धरतं, जावात वरच्या फ्लॅगशिवाय धरत नाही, तेही ध्यानात ठेवा.

पिंपळपान:

खूप आभार. साफसफाई सर्व्हरवर एकाच जागी आणली, १९ आणि २० आता जुळले. रकानाही बदलला. कार्डावर कापायचं उरलंय. १५ ऐवजी ८ ग्राफीम ठेवू का?

खटपट्या:

नको. कार्डावर जागा मिलिमीटरमध्ये असते, अक्षरांत नसते. 'रवी'मधला र आणि 'ज्ञानेश्वर'मधला ज्ञा दोन्ही एकेक ग्राफीम, पण ज्ञा चांगलाच रुंद आहे. त्यातून फॉन्ट बदलला की जोडाक्षर आडवं पसरेल की उभं रचलं जाईल हेही बदलतं. म्हणून रुंदी मोजा. जावात टेक्स्टलेआउट बनवून त्याचं अ‍ॅडव्हान्स घ्या. ब्राउझरमधल्या नमुना-कार्डासाठी कॅनव्हासचं मेझरटेक्स्ट. रुंदी जास्त भरली तर आधी फॉन्ट अर्ध्या-अर्ध्या पॉइंटनं खाली आणा, वाचता येईल अशी किमान मर्यादा ठरवून ठेवा. तरी बसलं नाही तर नाव आणि आडनाव दोन ओळींत. माणसाचं नाव कापणं अगदी शेवटचा उपाय, आणि तेव्हाही ग्राफीमच्या सीमेवरच.

पीडीएफ काढताना 'वि'ची वेलांटी व च्या उजवीकडे दिसत असेल, तर त्या लायब्ररीत शेपिंग (अक्षरं जुळवून योग्य जागी मांडणं) नाही असं समजा. तिथे रुंदीही चुकीची मिळेल. ते काम करणारी हार्फबझ ही लायब्ररी वापरणारी वाट धरा.

सातबारा:

वर्गाची यादी अकारविल्हे छापणार असाल तर एवढं पाहा. कोडपॉइंटच्या क्रमानं लावली तर ॲ नं सुरू होणारी नावं ह च्याही खाली जातात, आणि ळ येतो ल च्या लगेच नंतर, वर्णमालेत तो ह नंतर असतो. जावास्क्रिप्टमध्ये इंटल-कोलेटरला, जावात आयसीयू४जेच्या कोलेटरला आणि पायथनमध्ये पायआयसीयूला मराठीचा 'एमआर' हा लोकेल (भाषेचा संकेत) द्या. तिन्हींकडून आलेला क्रम एकमेकांशी ताडून पाहा, कारण आत बसलेल्या आयसीयू या युनिकोड लायब्ररीच्या आवृत्त्या वेगळ्या असू शकतात.

ताडायला हे शब्द पुरे: ॲड., ऑगस्ट, कुऱ्हाडे दोन्ही वाटांनी, क्षितिज, ज्ञानेश्वर, दऱ्या, दर्या, दुःख, बाळ, बाल, विद्यार्थी. हीच फाइल चारही सेवांच्या चाचण्यांत घाला आणि प्रत्येक शब्दापुढे बाइट, कोडपॉइंट आणि ग्राफीम असे तीन अपेक्षित आकडे लिहा. विद्यार्थीपुढे ३०, १०, ३.