खानावळीची वही सापडली, त्यानिमित्ताने

करीरोडची
करी रोडची आमची चाळ पुनर्विकासासाठी रिकामी करण्याचे काम गेला आठवडाभर चालू आहे. काल पोटमाळ्यावरची पत्र्याची ट्रंक उतरवली, तेव्हा तिच्या तळाशी माझ्या थोरल्या मावशीच्या खानावळीची वही सापडली. मावशी तळमजल्यावरच्या दहा बाय बाराच्या खोलीत सत्तावीस गिरणी कामगारांना दोन वेळचे जेवण घालत असे. वहीत कोणाचेही आडनाव नाही. प्रत्येक पानाच्या डोक्यावर गाव, गिरणीतले खाते आणि पाळी एवढेच लिहिलेले आहे: ‘कणकवली, साचे खाते, तिसरी पाळी’, ‘पाटण, रिंग खाते, पहिली पाळी’. साचे खाते म्हणजे विणकामाचे, रिंग खाते म्हणजे सूतकताईचे. कोण कधी जेवायला येणार आणि भात कधी चढवायचा, हे ठरवायला तिला तेवढे पुरेसे होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, त्यानंतरचीही पाने भरलेली आहेत. जमेच्या बाजूला काहीच नाही. नावे (उधारीच्या) बाजूला मात्र रोजच्या दोन थाळ्या मांडलेल्या आहेत. फेब्रुवारीत बुधवार-रविवारची मासळी बंद झाली असावी, कारण त्या दिवसांचा जादा आकार तेथून पुढे दिसत नाही. जूनपासून एकेक पान कोरे होत जाते. माणसे लावणीसाठी गावी गेली आणि त्यांतली बहुतेक परतली नाहीत. मावशीने १९८३ च्या दिवाळीपर्यंत चूल कशीबशी पेटती ठेवली.

त्या खोलीच्या दारातून आता समोर काचेची कार्यालये दिसतात. आपल्यापैकी ज्यांच्या घरात असे व्यवसाय होते, किंवा ज्यांचे त्यांच्यावाचून अडत असे, त्यांनी कृपया लिहावे. खोली पुढच्या सोमवारी ताब्यातून जाणार आहे आणि मला हे सारे एकटीने आठवत बसणे जड जाते आहे.

चिंचपोकळीकर
आमची पिठाची गिरणी होती. नव्या इमारतीत वडिलांना जुन्या गाळ्याइतकेच क्षेत्रफळ मिळाले, त्यामुळे कागदावर पाहिले तर आमचे काहीच गेले नाही. पण गाळा मिळाला तो पहिल्या मजल्यावर, वाहनतळाच्या मागच्या अंगाला. पिठाची गिरणी रस्त्यालगतच चालते. शाळेतून येताना मुलाने डबा ठेवायचा आणि खेळून परतताना न्यायचा, असा तो व्यवहार असतो, आणि ज्वारीचा डबा कडेवर घेऊन कोणी जिना चढत नाही.

त्यातच बांधकामाला नऊ वर्षे लागली. विकासकाकडून भाडे येत असे, पहिली तीन वर्षे वेळेवर आणि नंतर रखडत, पण त्या नऊ वर्षांत आमची गिऱ्हाइके पिशवीबंद पिठाला सरावली, ती कोणत्याही भाड्याने परत येणार नव्हती. उरलेल्यांसाठी गिरणी पुन्हा लावायचे ठरवले, तेव्हा सोसायटीने हादऱ्यांना आणि आवाजाला हरकत घेतली. ती हरकत खोटी होती असे मी म्हणणार नाही. वरच्या मजल्यावर तान्हे मूल होते. वडिलांनी यंत्र भंगारात दिले.

आमच्या जात्याच्या दगडांना टाकी लावायला, म्हणजे खाचा पुन्हा पाडायला, शिवडीहून एक गृहस्थ दर पंधरा दिवसांनी येत असत. त्यांच्याकडे एके काळी अकरा गिरण्या होत्या, आमची बंद झाली तेव्हा दोन उरल्या होत्या. आमचा गाळा निदान कागदावर तरी राहिला, त्यांच्या कामाची नोंद कोठेच नव्हती.

प्रवासी
गाडीत उभ्याने लिहितो आहे, म्हणून थोडक्यात. जिन्याखालच्या शिंपीकाकांविषयी कोणीतरी लिहावे. आमच्या चाळीच्या पुनर्विकासाच्या पात्रता यादीत त्यांचे नाव नव्हते.

वाडीतली
आमच्याही जिन्याखाली शिंपी होते आणि त्यांना आम्ही सगळे मामा म्हणत असू. मामांकडे भाडेपावती नव्हती. घरमालकाच्या वडिलांनी तोंडी परवानगी दिली होती आणि त्या बदल्यात ते मालकांच्या घरचे शिवण फुकट करीत असत. शाळेच्या गणवेशांना ते दोन बोटे दुमड ठेवत, म्हणजे मूल वाढले की तीच विजार उसवून लांब करता येई, आणि पुढच्या जूनमध्ये ती उसवून देण्याचे पैसे ते घेत नसत. चाळ रिकामी झाली त्या दिवशी त्यांनी मशीन हातगाडीवर चढवले आणि प्रत्येक मजल्यावर जाऊन कोणाचे शिवायला दिलेले कापड राहिले आहे का, ते विचारले. नंतर ते डोंबिवलीला मुलाकडे गेले एवढे कळले. एकसष्ट खोल्यांपैकी प्रत्येकीला घर मिळाले, आणि त्याचा मला आनंदच आहे. माझी आई सत्तरी उलटल्यावर पहिल्यांदा स्वतःच्या घरातल्या शौचालयात गेली, हे मी विसरू शकत नाही. तरीही चाळीस वर्षे आमचे कपडे शिवणाऱ्या माणसासाठी आमच्यापैकी एकानेही सभेत हात वर केला नाही, आणि त्या सभेत मीही होते.

दस्तऐवज
भाडेकरूंची कागदपत्रे पाहणे हा माझा अनेक वर्षांचा व्यवसाय असल्यामुळे थोडे स्पष्ट करतो. मुंबई शहरातील १९६९ पूर्वीच्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतींचा पुनर्विकास बहुधा विकास नियंत्रण नियम ३३(७) खाली होतो. त्यात निवासी भाडेकरूला किमान क्षेत्रफळाची हमी असते, जी २००९ मध्ये २२५ चौरस फुटांवरून ३०० चौरस फुटांवर गेली. दुकानदाराला मात्र त्याच्याकडे होते तेवढेच क्षेत्रफळ मिळते. ते तळमजल्यावर असेल, रस्त्याकडे तोंड करून असेल, याचा आग्रह भाडेकरूने करारात लेखी धरावा लागतो, आणि बहुतेक जण क्षेत्रफळाच्या आकड्यापाशी थांबतात. चिंचपोकळीकरांच्या वडिलांच्या बाबतीत नेमके हेच झालेले दिसते.

पगडीच्या (मालकाला एकरकमी पैसे देऊन भाड्याने घेतलेल्या) दुकानांना १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने पुष्कळ संरक्षण दिले आहे. पण करीरोडताई, आपल्या मावशींची खानावळ राहत्या खोलीत चालत होती. भाडेपावतीवर ती निवासी, गुमास्ता परवाना (दुकानाची सरकारी नोंदणी) बहुधा नाहीच. म्हणजे सत्तावीस माणसांचे पोट ज्या व्यवसायावर चालले, तो कागदोपत्री कधी अस्तित्वातच नव्हता. गिरणगावात बायकांनी चालवलेल्या बहुतेक व्यवसायांची हीच स्थिती होती, आणि म्हणून किती बंद पडले याची मोजदाद करायला गेले तर हाती काही लागत नाही. ज्यांच्या इमारती अजून उभ्या आहेत त्यांनी जुन्या पावत्या, वीजदेयके आणि गुमास्ता परवाना आजच एका जागी करून ठेवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

नायगावची सून
माझ्या सासूबाईंचीही खानावळ होती. वाण्याकडून उधारीवर माल आणायचा, तो लावील तो भाव मान्य करायचा आणि पगाराच्या दिवशी कामगारांचे पैसे आले की ते सगळे वाण्याच्या हाती ठेवायचे, असा तो फेरा होता. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि खानावळवाल्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा बँकेची पायरी चढली. रोखीने तांदूळ घेतला की किती स्वस्त पडतो, हे त्या शेवटपर्यंत सांगत असत. कुकर शिट्टीला आला आहे, उरलेले रात्री लिहीन.

लालबाग
एका मुद्द्यावर मला वेगळे वाटते. लालबागची मसाला गल्ली आणि चिवडा गल्ली आजही उभी आहे. उन्हाळ्यात मिरची कुटायला डंकावर रांग लागते आणि ठाकुर्ली-विरारपासून माणसे येतात. माझ्या मते फरक येथे आहे: ज्यांचे गिऱ्हाईक साऱ्या मुंबईतून येते ते टिकले, आणि ज्यांचे गिऱ्हाईक त्याच चार चाळींतले होते ते चाळींबरोबर गेले. लालबागचे नाव टिकले म्हणून सगळा मोहल्ला टिकला, असा पाहुण्यांचा समज होतो, तो मात्र बरोबर नाही. आमच्या मसाल्याच्या दुकानाशेजारचा सायकलवाला, कल्हईवाला आणि पाटीपुस्तकांचे दुकान ही तिन्ही माझ्या डोळ्यांदेखत गेली.

बत्तिसावा मजला
लिहू की नको, असा दोन दिवस विचार करते आहे, कारण मी नव्याने आलेल्यांपैकी आहे. लोअर परळला ‘अप्पर वरळी’ म्हणणारी जाहिरात वाचून आम्ही २०११ मध्ये येथे घर घेतले. ती जमीन गिरणीची होती, एवढेच तेव्हा ठाऊक होते. १९९१ च्या नियमाने अशा जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते, मोकळ्या मैदानांसाठी, परवडणाऱ्या घरांसाठी आणि मालकासाठी. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जागेपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली, हे सगळे मी पुढे वाचले.

मुलीच्या दप्तराची चेन तुटली, तेव्हा ती दुरुस्त करणारा माणूस मला अर्ध्या तासाच्या परिसरात सापडला नाही. एवढ्या क्षुल्लक कारणाने मी पहिल्यांदा कुंपणाबाहेर पायी हिंडले आणि पुलाखाली बसणाऱ्या चांभारकाकांची ओळख झाली. इस्त्रीवाल्याला फाटकाजवळ बसू द्यावे, असा प्रस्ताव मी सोसायटीच्या सभेत मांडला होता. तो फेटाळला गेला. पुढच्या वर्षी पुन्हा मांडला, तेव्हा आठवड्यातून दोन दिवस परवानगी मिळाली. वाडीतली यांनी सभेचा उल्लेख केला म्हणून हे सांगावेसे वाटले.

वाडीतली
बत्तिसावा मजला, आपण दुसऱ्यांदा प्रस्ताव मांडलात हे वाचून बरे वाटले. इस्त्रीवाले अजून येतात का?

बत्तिसावा मजला
येतात, मंगळवारी आणि शुक्रवारी. पावसाळ्यात त्यांना छत हवे आहे, त्यासाठी सध्या अर्ज केला आहे.

देवरुख
मी या विषयावर काही सांगण्याऐवजी एक विचारू इच्छितो. माझे वडील संपापर्यंत करी रोडच्या एका खानावळीत जेवत असत. दुसरी पाळी, रिंग खाते. खानावळवाल्या बाई रातपाळीहून उशिरा येणाऱ्यांसाठी भाताच्या टोपावर ओला पंचा गुंडाळून ठेवत, एवढेच त्यांच्याकडून ऐकलेले आहे. ते १९८२ च्या जूनमध्ये गावी आले आणि मुंबईला परत गेले नाहीत. आपल्या वहीत देवरुखचे पान आहे का?

करीरोडची
देवरुखची दोन पाने आहेत. एक साचे खात्याचे आहे. दुसऱ्यावर रिंग खाते आणि दुसरी पाळी असे लिहिले आहे आणि शेवटची नोंद ११ जूनची, फक्त सकाळच्या थाळीची आहे. ओल्या पंच्याचे मला आठवते, पण तसे बहुतेक साऱ्याच खानावळींत करीत असावेत, म्हणून हे पान आपल्या वडिलांचेच आहे असे मी खात्रीने म्हणणार नाही.

देवरुख
त्या वर्षी १२ जूनला आमच्याकडे आजोबांचे वर्षश्राद्ध होते. वडील त्यासाठीच निघाले होते. त्या पानावर बाकी किती दिसते?

करीरोडची
बाकीची बेरीज तिने कोणत्याच पानावर मांडलेली नाही.

दस्तऐवज
ताई, सोमवारपूर्वी वहीच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र दिवसाच्या उजेडात काढून ठेवा. जुनी शाई दमट हवेत फार लवकर पुसट होते. संक्रमण शिबिरात जाताना वही सामानात न टाकता हातात ठेवा.

करीरोडची
आज सकाळी चाळीस पाने झाली. देवरुखचे पान आपल्याला वेगळे पाठवते.