‘जॉब मध्ये गोल झाला आहे’ या शेऱ्यातून नेमके काय शिकावे?

प्रश्न (फिटर प्रशिक्षणार्थी, पहिले वर्ष) : माइल्ड स्टीलच्या तुकड्याला कानस मारून पृष्ठभाग सपाट करण्याचा जॉब (सरावाचे काम) मी चार वेळा दाखवला आणि चारही वेळा निदेशक सरांनी तो गुण्या (काटकोन व सपाटी तपासायचे साधन) लावून उजेडासमोर धरला व ‘मध्ये गोल झाला आहे, पुन्हा कर’ एवढेच सांगून परत दिला. त्यांचे म्हणणे खरे आहे, कारण गुण्याखालून दोन्ही कडांना उजेड मलाही दिसतो. परंतु वेगळे काय करायचे हे कळत नसल्यामुळे जॉबची जाडी मात्र कमी होत चालली आहे.

उत्तर (निवृत्त शिल्प निदेशक) : शेरा जॉबविषयी असतो, दोष मात्र हातांत असतो. कानस पुढे ढकलताना सुरुवातीला टोकावरच्या डाव्या हाताचा दाब जास्त, मध्यावर दोन्ही हातांचा सारखा आणि शेवटी मुठीवरच्या उजव्या हाताचा जास्त असावा लागतो. तसे झाले नाही तर कानस झुलते, कडा खाल्ल्या जातात आणि मध्य उंच राहतो. जॉब घट्ट धरणाऱ्या व्हाइसचे जबडे तुमच्या कोपराच्या उंचीला येतात का, तेही पाहा. झालेला जॉब घेऊन येणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले, पण ‘सर, मी कानसेचे दहा हात मारतो, तेवढे उभे राहून बघाल का?’ असे विचारणारे फार थोडे. तुम्ही नक्की विचारा.

उत्तर (टूलरूममधील फिटर) : गुण्या लावण्याआधी कडेची बर (कानस मारल्यावर कडेला राहणारी धातूची बारीक धार) काढत चला, नाहीतर गुण्या बरीवर टेकतो आणि सपाट जॉबही वाकडा दिसतो. सरफेस प्लेटवर (अगदी सपाट केलेल्या जाड पाटावर) प्रशियन ब्ल्यू या निळ्या रंगाचा अगदी पातळ थर देऊन जॉब त्यावर हलकेच फिरवा. निळा रंग उंच भागालाच लागतो, त्यामुळे कानस कुठे मारायची हे सरांना न विचारताही समजते. रंगाचा थर जाड झाला तर सगळीकडेच निळे दिसेल, एवढे सांभाळा.

प्रश्नकर्ता : दोघांचेही मनापासून आभार. आज सरांना विनंती केली, तेव्हा त्यांनी तिसऱ्याच हाताला मला थांबवले, कारण कानस पूर्ण पुढे गेल्यावरही माझा डावा हात तिला दाबूनच होता. संध्याकाळपर्यंत निळे ठिपके मध्यावरून बरेच पसरले. पलीकडची कड अजून थोडी खाली आहे.