टीमच नाही ना त्यांची!

"एवढं मोठं स्टेडियम आहे म्हणजे युनिव्हर्सिटीपण तेवढीच तगडी असणार" असं अमेरिकेतल्या 'युनिव्हर्सिटी ऑफ फीनिक्स स्टेडियम'चं नाव वाचून कुणालाही वाटायचं, तीच तर जाहिरातीची कमाल आहे. नफ्यावर चालणाऱ्या या युनिव्हर्सिटीने ते बांधलंच नव्हतं, २००६ मध्ये २० वर्षांसाठी त्याला नुसतं आपलं नाव द्यायचा हक्क घेतला, १५ कोटी ४५ लाख डॉलरला. तिथे खेळतात अ‍ॅरिझोना कार्डिनल्स, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक टीम; युनिव्हर्सिटीची स्वतःची फुटबॉल टीमच नाही. हे स्टेडियम अ‍ॅरिझोनातल्या ग्लेनडेलमध्ये आहे, मी तेव्हा तिथे जवळच राहायचो, आईबाबा आले तेव्हा मुद्दाम दाखवायला नेलं. अख्खं गवताचं मैदान खालच्या ट्रेसकट रुळांवरून बाहेर उन्हात आणून ठेवतात, मी ते समजावतोय आणि बाबा पाटी वाचून म्हणाले, "मजा आहे रे इथल्या कॉलेजच्या पोरांची!" आता काय सांगणार, त्यातली ढीगभर पोरं घरी बसून ऑनलाइन शिकत होती.

पैशांचा मुद्दा मात्र राहिलाच. अमेरिकेत असल्या नफ्यावर चालणाऱ्या कॉलेजांना ९० टक्क्यांपर्यंत कमाई सरकारी स्टुडंट एडमधून, म्हणजे विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या सरकारी कर्ज-अनुदानातून, करता येते, आणि माजी सैनिकांना शिक्षणासाठी सरकारकडून मिळणारे जीआय बिलचे पैसे त्या ९० मध्ये धरलेच जायचे नाहीत, ती पळवाट २०२१ च्या कायद्याने बुजवली. म्हणजे पाटीचा खर्च फिरून बराचसा पोरांच्या कर्जातूनच की. पुढे अ‍ॅडमिशन घसरल्या, २०१७ मध्ये युनिव्हर्सिटीने नावाचा करार मधेच सोडला आणि २०१८ पासून तिथे स्टेट फार्म या इन्शुरन्सवाल्यांचं नाव आहे. त्यांचीही टीम नाहीच म्हणा, पण निदान त्यांना कुणी कॉलेज तरी समजत नाही.