आमंत्रणे, मोफत सेवा आणि शिफारस: तीन जुन्या पत्रकारांचा प्रश्न

पुरवणीवाली, कोथरूड

आम्ही तिघींनी पुण्यातल्या मराठी वृत्तपत्रांत उमेदीची वर्षे काढली. एकीने शहरपान सांभाळले, एकीने आरोग्याचे वार्तांकन केले आणि मी महिला पुरवणीच्या डेस्कवर होते. गेल्या दिवाळीपासून आम्ही शहरातल्या स्त्रियांसाठी एक ऑनलाइन मार्गदर्शिका चालवतो. ब्लाउज ठरल्या दिवशी नीट शिवून कोण देतो, रात्रपाळीहून येणाऱ्या मुलीला कोणत्या वसतिगृहात दार उघडतात, हाडांच्या घनतेची तपासणी कुठे आणि केवढ्याला होते, अशा गोष्टी स्वतः जाऊन पाहून लिहायच्या, एवढाच आमचा बेत होता.

मागच्या महिन्यात एका सौंदर्यप्रसाधनगृहाने आम्हा तिघींना मोफत सेवेसाठी बोलावले आणि निघताना हातात भेटवस्तूंची पिशवी दिली. आमच्या सहकारिणीने चांगले ते चांगले लिहिले, पण एकाच ओल्या टॉवेलवर दोन गिऱ्हाइकांचे हात पुसले गेले, हेही लिहिले. मजकूर प्रसिद्ध होण्याआधीच निरोप आला, ‘एकदा नजरेखालून घालायला द्याल ना?’ वृत्तपत्रात जाहिरात विभाग दुसऱ्या मजल्यावर असे आणि जिना चढून कोणी आलेच, तर संपादक मध्ये उभे राहत. आता दोन्ही मजले आमच्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहेत. अशा वेळी रेघ कुठे ओढावी, आणि आमंत्रणे नाकारली तर खर्च कसा भागवावा?

निवृत्त मुद्रितशोधक, नारायण पेठ

रेघेचा काही भाग नियमांनी आणि कायद्याने आधीच ओढून ठेवला आहे. जाहिरात मानक परिषदेची (ही जाहिरात उद्योगाची स्वनियमन संस्था) समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठीची (इन्फ्लुएन्सर) मार्गदर्शक तत्त्वे २०२१ मध्ये आली आणि केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये आपली सूचनावली काढली. दोन्हींचा गाभा असा की, केवळ रोख पैसेच नव्हेत तर मोफत वस्तू, सवलत, सहल, इतकेच काय, नातेसंबंधसुद्धा वाचकाला सहज दिसेल अशा जागी सांगावा लागतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तेच घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

शब्दाबद्दल मात्र माझा आग्रह आहे. ‘सहयोग’ असे लिहिणे नियमात बसेलही, पण मराठी वाचक तो शब्द गणेशोत्सवाच्या मंडपातल्या आभारफलकावर वाचत आला आहे आणि त्याला त्यातून व्यवहाराचा वास येत नाही. पैसे घेतले असतील, तर मथळ्याच्या वर सरळ ‘जाहिरात’ लिहावे; सेवा मोफत घेतली असेल, तर पहिल्याच परिच्छेदात तसे सांगावे. मजकूर आधी दाखवू नये. दर, वेळ, पत्ता एवढे फोनवरून पडताळून घ्यावे, जसे आपण बातमीचे घेत होतो.

लक्ष्मी रोडवरच्या दुकानातली

ताई, दुकानदाराची बाजूही मांडते. आमच्यासारख्या लहान दुकानाकडे जाहिरातीला पैसे नसतात. बोलावणे म्हणजे लाच, असे प्रत्येक वेळी नसते. पण आम्ही बोलावू त्या दिवशी येऊ नका. दिवाळीच्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी या, गल्ल्यावर मोठी रांग असते तेव्हा कोणता सेल्समन साडी उलगडून दाखवायचा कंटाळा करतो, ते तुम्हाला दिसेल.

शिवाय कुठे घ्यावे याच्यापेक्षा कसे पारखावे हे लिहिलेत, तर कोणाच्या उपकाराचा प्रश्नच उरत नाही. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा करून पाहिला, तर मोर मागूनही तसाच्या तसा दिसतो. यंत्रावरच्या साडीत मागच्या बाजूला धागे मोकळे सुटलेले किंवा कापलेले असतात. हे आम्हीच गिऱ्हाइकाला दाखवतो, पण ती मागेल तेव्हा. सिल्क मार्कची चिठ्ठी धागा शुद्ध रेशमाचा असल्याचे सांगते, साडी हातमागाची असल्याचे नव्हे. ही गल्लत रोज होते.

जुनी वर्गणीदार, सहकारनगर

मी तुमची मार्गदर्शिका वाचते, म्हणूनच तक्रार करते. तुमच्या यादीतला पत्ता पाहून मी मार्चमध्ये कर्वे रस्त्यावरच्या एका दवाखान्यात गेले. ज्या डॉक्टरबाईंसाठी गेले, त्या केव्हाच दुसरीकडे गेल्या होत्या. रिक्षाचे पैसे गेले ते गेले, गुडघ्यांनी तीन जिने चढून उतरले. पुरवणी दुसऱ्या दिवशी रद्दीत जाई, तुमचे पान मात्र वर्षानुवर्षे उघडत राहणार आहे. तेव्हा प्रत्येक नोंदीखाली ‘अमुक तारखेला पाहिले’ असे लिहा आणि सहा महिन्यांत फिरकला नसाल, तर ती नोंद काढून टाका.

खर्चाचे म्हणाल, तर १९३० मध्ये सुरू झालेले ‘स्त्री’ मासिक आमच्या घरी येत असे आणि १९८९ मध्ये विद्या बाळांनी पुण्यात ‘मिळून साऱ्याजणी’ हे मासिक काढले, तेव्हा पहिल्या वर्षापासून मी वर्गणी भरली. ती पाककृतींसाठी भरली नव्हती. तुम्हीही मागून पाहा. बायका पैसे देणार नाहीत, हे परस्पर ठरवू नका.

पुरवणीवाली, कोथरूड

सर्वांचे आभार. दवाखान्याची नोंद आजच काढली आहे. चूक आमची होती, आणि ती डेस्कवर घडली असती तर मी स्वतः शुद्धिपत्रक छापले असते, म्हणून त्याच पानावर तसे लिहिलेही आहे. तारखेची सूचना आम्ही स्वीकारली. वर्गणीबद्दल तिघींचे अजून एकमत नाही. आरोग्यवालीला कोणाकडे हात पसरणे नको वाटते.

भेटवस्तूंची पिशवी पावती घेऊन परत केली. टॉवेलचा मजकूर रोखून धरला आहे, कारण एका भेटीवरून लिहिणे त्यांच्यावरही अन्याय ठरेल. सहकारीण येत्या मंगळवारी दुपारी साडेतीनला पुन्हा जाते आहे. पैसे आमचे आणि वेळ घेताना नाव माहेरचे दिले आहे.