मदत हवी आहे: इंग्लंडच्या शाळेत तासाची पहिली ५ मिनिटं

सदाशिव पेठेतल्या शाळेत ११ वर्षं गणित शिकवलं, सप्टेंबरपासून इंग्लंडमध्ये सरकारी माध्यमिक शाळेत आहे. पुण्यात घंटा झाली की मी वर्ग बदलायचे, मुलं जागेवरच. इथे उलटं. खोली माझी, आणि दर तासाला नवी २८ मुलं अर्धवट गप्पा घेऊनच आत येतात. बाई आल्या म्हणून उठून उभं राहणं नाहीच. इयर ८ (वय १२-१३) स्थिरावेपर्यंत १० मिनिटं जातात.

जागा ठरवून दिल्या, फळ्यावर आधीच गणित लिहून ठेवलं, गप्प उभी राहून पाहिलं. डिटेन्शनचा (शिक्षा म्हणून थांबवून ठेवण्याचा) परिणाम तेवढ्यापुरता. आवाज चढवायचा नाहीये. मुलं मनाने चांगली आहेत. इकडे शिकवणाऱ्या पुणेकर शिक्षकांनो, दारापासून बाकापर्यंतची ती ५ मिनिटं तुम्ही नेमकी कशी बसवलीत?