सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणारे गुण) ५८०च्या आसपास आहे, क्रेडिट कार्ड कसं मिळवायचं?

घाटावरचा
नमस्कार मंडळी. सांगलीत माझं लग्नपत्रिका छापायचं दुकान होतं. २०२०च्या लॉकडाउनमध्ये लग्नंच थांबली, तिथे पत्रिका कोण छापणार? ऑगस्टमध्ये मोरेटोरियम (हप्ते पुढे ढकलायची सवलत) संपलं तेव्हा गल्ला रिकामा. पर्सनल लोनचे हप्ते थकले, ते नंतर व्याजासकट फेडले. कार्डाची मात्र बँकेशी सेटलमेंट झाली: ६८ हजारांपैकी ४० भरले, उरलेले त्यांनी सोडले. आता चाकणला एका कंपनीत स्टोअर्सला आहे, पगार ३४ हजार. कार्डासाठी अर्ज केला की ‘इंटर्नल पॉलिसी’ म्हणून नकार. दोन-तीन वर्षांत घराचं कर्ज काढायचंय, म्हणून स्कोअर वर आणायचा आहे. ‘कार्डाच्या नादी लागू नको’ हा सल्ला घरून रोज मिळतोय, तो सोडून बाकी काहीही चालेल.

निळाई
एफडीवरचं कार्ड घ्या. विषय संपला.

माजी_कार्डवाला
निळाईताई, उत्तर बरोबर आहे, पण त्याआधी दोन कामं आहेत. (नोकरीतली बरीच वर्षं कार्ड विभागात गेली, म्हणून जरा लांबण लावतो.)

घाटावरचा, पहिलं म्हणजे अर्ज करणं आज थांबवा. प्रत्येक अर्जामागे बँक तुमचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या कर्जा-कार्डांची सगळी नोंद, मागवते आणि ती चौकशी रिपोर्टात नोंदली जाते. थोड्या दिवसांत अशा चार-पाच चौकशा दिसल्या की पुढच्या बँकेला वाटतं, हा माणूस पैशासाठी दारोदार फिरतोय. आपण स्वतः आपला स्कोअर पाहिला तर तो कमी होत नाही, ती भीती काढून टाका.

दुसरं, पूर्ण रिपोर्ट काढून वाचा. नुसता आकडा बघून उपयोग नाही. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही क्रेडिट माहिती कंपन्यांनी वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७पासून आहे. त्यात फेडलेलं पर्सनल लोन ‘क्लोज्ड’ दिसतंय का, थकबाकी शून्य आहे का, ते बघा. कार्डापुढे ‘सेटल्ड’ असणार, त्याचं पुढे बोलू.

मग एफडी. बँक तुमच्या ठेवीवर बोजा चढवते, म्हणजे ती तारण म्हणून अडकवून ठेवते, आणि तिच्या साधारण ८० ते १०० टक्के लिमिटचं कार्ड देते. ठेवीवरचं व्याज चालू राहतं. पैसे बुडायची भीती नसल्याने बँक जुन्या इतिहासाकडे फार बारकाईने बघत नाही. एसबीआय कार्डाचं ‘उन्नती’, आयडीएफसी फर्स्टचं ‘वाव’ ही या प्रकारातली नावं. योजना आणि किमान ठेव बदलत राहते, तेव्हा आधी पगार जमा होतो त्या शाखेत विचारा. रिपोर्टात हे कार्ड इतर कार्डांसारखंच दर महिन्याला चढतं ना, एवढं मात्र खात्री करून घ्या. सगळा खटाटोप त्यासाठीच आहे.

आजोळ
माझं वेगळं मत. कार्डाऐवजी छोटं सोनं तारण कर्ज काढा, वेळेवर फेडा. मोह नाही, रिवॉर्ड पॉइंटची भानगड नाही. चाळीस वर्षं आमच्या घरात हेच चाललंय.

माजी_कार्डवाला
काकू, अडीअडचणीला सोनंच धावून येतं, मान्य. पण सोनं तारणात बरेचदा मुद्दल-व्याज एकदम शेवटी भरतात. यांना दर महिन्याला वेळेवर पैसे भरणारा माणूस दिसायला हवंय. ते कार्डात जास्त चांगलं दिसतं.

मृण्मयी_ठाणे
रिपोर्ट वाचायचा मुद्दा हलक्यात घेऊ नका. माझ्या रिपोर्टात माझ्याच नावाच्या दुसऱ्या कुठल्या तरी बाईचं दुचाकीचं कर्ज चिकटलं होतं, तेही थकलेलं! मी आयुष्यात स्कूटर घेतलेली नाही. सिबिलच्या साइटवर दुरुस्तीची तक्रार टाकली, सोबत त्या फायनान्स कंपनीलाही ईमेल केला. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, हा नियम ईमेलमध्ये लिहिला. हालचाल मग सुरू झाली. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, क्रेडिट माहिती कंपन्याही आता त्यांच्या कक्षेत आहेत.

खडकवासला
‘सेटल्ड’बद्दल. घरकर्ज देणारा अधिकारी स्कोअरवर थांबत नाही, ओळन् ओळ वाचतो, आणि या शब्दावर हमखास अडतो. सोडलेले २८ हजार आज भरून ‘क्लोज्ड’ करून घेता येतंय का, ते जुन्या बँकेला विचारा. पण फोनवरच्या शब्दावर एक रुपयाही भरू नका. ‘एवढी रक्कम मिळाल्यावर खातं बंद दाखवू आणि नो ड्यूज (काही देणं बाकी नाही असं) पत्र देऊ’ हे आधी लेखी घ्या.

माजी_कार्डवाला
सहमत. बँक नाही म्हणू शकते, तरी विचारायला हरकत नाही. मी असतो तर कार्ड आधी आणि हे घरकर्जाच्या वर्षभर आधी केलं असतं. हाताशी पैसे असतील तर आजच करा.

चहाटळ
आमच्या नाक्यावर पाटी आहे, ‘७ दिवसांत सिबिल ७५०, फी ५,०००’. जाऊ का?

मृण्मयी_ठाणे
जा, आणि पाच हजारांचा चहा पाजून या. खरी थकबाकी कोणी पुसू शकत नाही. चुकीची नोंद आपली आपल्याला फुकटात दुरुस्त करता येते.

घाटावरचा
सगळ्यांचे आभार. सिबिलचा रिपोर्ट काढला, पर्सनल लोन क्लोज्ड आहे. २५ हजारांची एफडी करतोय, शाखेत २० हजारांचं लिमिट म्हणाले. आता वापरायचं किती? पगार कधी ७ तारखेला होतो, कधी ९ला, त्याचीही धास्ती आहे. आणि बायकोच्या नावे ॲड-ऑन (माझ्याच खात्यावरचं जादा कार्ड) घेतलं तर तिचाही स्कोअर तयार होईल का?

माजी_कार्डवाला
लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत राहा, म्हणजे पाच-सहा हजार. किराणा, वीजबिल, पेट्रोल यांतच तेवढे होतात. जास्त खर्च झालाच तर स्टेटमेंट निघायच्या आधी थोडे भरून टाका.

देय तारीख पगारानंतरची मागून घ्या, बिलिंग सायकल बदलून मिळते. तारीख उलटून तीन दिवसांहून जास्त झाल्याशिवाय बँक थकबाकीची नोंद पाठवू शकत नाही आणि लेट फीही लावू शकत नाही. पण उशिराचे दिवस मूळ देय तारखेपासूनच मोजले जातात, तेव्हा त्या तीन दिवसांवर विसंबू नका. पूर्ण बिलाला ऑटो-डेबिट लावा. ‘मिनिमम ड्यू’ला चुकून लावू नका, फॉर्मवर ती खूण आधीच केलेली असते कधीकधी. किमान रक्कम भरून उरलेलं पुढे ढकललं की महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज, वर्षाचं ४२ टक्के. शिवाय नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. एटीएममधून या कार्डावर रोख तर काढूच नका, त्याला पहिल्या दिवसापासून व्याज आहे.

ॲड-ऑनची जबाबदारी मूळ कार्डधारकाची, नोंदही तुमच्याच नावावर. वहिनींना स्वतःचा इतिहास हवा असेल तर त्यांच्या नावाने वेगळी छोटी एफडी आणि वेगळं कार्ड.

निळाई
स्कोअर कधी हलेल? माझा भाऊ रोज ॲप उघडून बघत बसायचा.

माजी_कार्डवाला
जानेवारी २०२५पासून बँकांना दर पंधरवड्याला किंवा त्याहून लवकर माहिती पाठवावी लागते, त्यामुळे नोंद पूर्वीपेक्षा लवकर दिसते. पण स्कोअर खरा चढायला सहा महिने ते वर्ष धरा. तोवर दुसऱ्या कार्डाचे फोन येतील, ‘प्री-अप्रूव्ड’ म्हणून. घेऊ नका.

खडकवासला
आणि कोणाला जामीन राहू नका. त्याचे हप्ते थकले की डाग तुमच्या रिपोर्टावर. चाकणला मित्र फार होतात.

घाटावरचा
जामिनाचं आजच एकाने विचारलंय! नाही म्हणून सांगतो. सोमवारी शाखेत जातोय, कार्ड हातात आलं की इथे कळवेन.