सीएच्या ऑफिसात जॉब चालू, गणित दहावीनंतर सुटलंय: कॅट द्यावी की सीईटी?

वारणाकाठ:
नमस्कार. मी सांगलीत एका सीए सरांच्या ऑफिसात अडीच वर्षं काम करतेय. बीकॉम ६४ टक्के, शाळा पूर्ण मराठी मीडियम, आणि अकरावीला गणिताऐवजी एसपी (सेक्रेटेरिअल प्रॅक्टिस) घेतलं त्यामुळे गणिताचं पुस्तक दहावीच्या पेपरनंतर परत उघडलेलंच नाही. आता फायनान्समधून एमबीए करायचंय हे पक्कं ठरलंय. रोज जीएसटी रिटर्न भरून भरून मला त्या आकड्यांमागे कंपनीत काय चाललंय ते कळायला लागलंय आणि त्याच्या पुढचं शिकायचंय, असं मनापासून वाटतं.

अडचण अशी की आमच्या ऑफिसात जीएसटी रिटर्नच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास मान वर करायला वेळ नसतो, आता जुलैअखेर आयटीआरची (इन्कम टॅक्स रिटर्नची) घाई आणि पुढे सप्टेंबरात ऑडिट. कॅट (आयआयएमसाठीची प्रवेश परीक्षा) नोव्हेंबरात आणि सीईटी (महाराष्ट्राची एमबीए प्रवेश परीक्षा) मार्च-एप्रिलच्या सुमारास, मग दोन्हीची तयारी करावी की एकच धरावी? इथल्या एका क्लासने ४० हजार फी सांगितलीय. बाबांचं छोटं किराणा दुकान आहे, मी मागितले तर देतील पण मला मागवत नाहीयेत. आणि इंग्लिश पॅसेज वाचताना दुसऱ्या पॅराला येईपर्यंत पहिला विसरते, त्याचं काय करू? कोणी नोकरी करत तयारी केली असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

दिडकी:
ताई, मी साताऱ्याचा, मराठी मीडियमच. नोकरी करत दोनदा कॅट आणि एकदा सीईटी दिली, सीईटीवर ॲडमिशन झालं, आता पुण्यात जॉब करतो. जरा मोठं लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. या दोन्ही परीक्षा एकाच अभ्यासातून निघत असल्या तरी पेपर सोडवायची पद्धत पूर्ण उलटी आहे. कॅटला ४०-४० मिनिटांचे तीन सेक्शन, कॅट २०२४ ला एकूण ६८ प्रश्न होते, बरोबरला ३ मार्क आणि चुकलेल्या एमसीक्यूला (पर्यायांच्या प्रश्नाला) उणे १. तिथे ज्याला प्रश्न सोडून द्यायला जमतं तो पुढे जातो. सीईटीला १५० मिनिटांत २०० प्रश्न, म्हणजे एकाला ४५ सेकंद, आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. तिथे एकही प्रश्न कोरा ठेवून बाहेर यायचं नाही. मी पहिल्या वर्षी कॅटमध्ये शाळेची सवय घेऊन गेलो, पहिल्या प्रश्नापासून ओळीने सोडवत बसलो, एका गणिताला सात मिनिटं दिली कारण अर्धं सुटलं होतं आणि सोडून द्यायला मन होत नव्हतं. पुढचे तीन सोपे प्रश्न मी बघितलेच नाहीत, ते नंतर ॲन्सर की आल्यावर कळलं. त्या संध्याकाळी खूप वाईट वाटलं होतं.

गणिताचं म्हणाल तर तुम्ही समजताय तेवढं सुटलेलं नाहीये. १८ टक्के जीएसटी धरून बिल ११८० चं आलं तर मूळ रक्कम १००० ही तुम्ही ऑफिसात विचार न करता काढता ना? टक्केवारी आणि नफा-तोट्याचे अर्धे प्रश्न हेच असतात, फक्त शब्द वेगळे. एक उदाहरण बघा, पेट्रोल २५ टक्क्यांनी महागलं आणि महिन्याचा खर्च तेवढाच ठेवायचाय तर वापर किती टक्क्यांनी कमी करायचा? क्ष धरून बसू नका. पावपट वाढलं म्हणजे ४ चे ५ झाले, आता परत ५ चे ४ करायचेत, म्हणजे पाचवा हिस्सा काढायचा, २० टक्के. तिसरा हिस्सा वाढला तर चौथा काढायचा, पाचवा वाढला तर सहावा. आमचे आजोबा पावकी, निमकी, दिडकी (पाव, अर्ध्या, दीडपटीचे पाढे) घडाघडा म्हणायचे, १६ ची दिडकी २४ हे त्यांना मांडावं लागायचं नाही, आणि सीईटीच्या ४५ सेकंदांत नेमकं तेच कामाला येतं. ३० पर्यंत पाढे, २५ पर्यंत वर्ग, १/२ पासून १/१५ पर्यंतचे टक्के पाठ करा, बसमध्ये येता-जाता होतात. मग टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी, काळ-काम-वेग, त्यानंतर साधं बीजगणित, भूमिती शेवटी.

इंग्लिशला माझा उपाय सांगतो, तो मला कोणी शिकवला नव्हता. रोज एक संपादकीय किंवा लांब लेख घ्यायचा आणि प्रत्येक पॅरा झाला की वहीत त्याचं सार एका ओळीत मराठीत लिहायचं. हो, मराठीतच. "लेखक म्हणतोय की धरणं बांधली पण कालवे राहिले" असं. पहिल्या आठवड्यात एका लेखाला पाऊण तास लागायचा आणि लिहिलेलं सार नंतर चुकीचं निघायचं. दोन महिन्यांनी वही लागेनाशी झाली, डोक्यातच ओळ तयार व्हायची. शब्दांच्या याद्या पाठ करण्यात वेळ घालवू नका, कॅटमध्ये शब्दकोशातला कठीण शब्द विचारत नाहीत, लेखकाचं म्हणणं काय ते विचारतात.

क्लासचं शेवटी. माझे पैसे एका क्लासमध्ये गेले, नाव घेत नाही, शिकवणं वाईट नव्हतं पण नोकरीमुळे निम्मी लेक्चर बुडाली. तुमच्या ११ आणि २० तारखा बघता तेच होईल. बेसिक व्हिडिओ फुकट मिळतात, पैसे घालायचेच तर नुसत्या मॉक सिरीजवर (सराव पेपरच्या संचावर) घाला, ती काही हजारांत येते.

चर्चगेट_फास्ट:
दिडकी यांच्याशी बरंचसं सहमत पण एका बाबतीत नाही. त्यांच्या पोस्टवरून असं वाटू शकतं की दोन्ही सारख्याच जोर लावून द्याव्या. ताई, तुमचं कॅलेंडर बघा. टॅक्स ऑडिट सप्टेंबरअखेर, मग ऑडिटवाल्यांचे रिटर्न ऑक्टोबरअखेर, आणि कॅट नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी. मॉक द्यायचे मुख्य दोन महिने तुमचे ऑफिस खाणार. म्हणून कॅटचा फॉर्म भरा, पेपर मन लावून द्या, पण या वर्षीचं लक्ष्य सीईटी ठेवा, डिसेंबर ते मार्च तुम्हाला मोकळे मिळतील.

सीईटीला कमी समजू नका. मुंबईची जमनालाल बजाज, सिडनहॅम, पुणे विद्यापीठाचा एमबीए विभाग पुम्बा या सगळ्यांचे प्रवेश सीईटी सेलच्या कॅप राउंडमधून (केंद्रीय प्रवेश फेऱ्यांमधून) होतात आणि तिथे मुलाखत नाही, पर्सेंटाइलवर मेरिट लागतं. आयआयएमला पर्सेंटाइल आल्यावरही दहावी-बारावी-ग्रॅज्युएशनचे मार्क, कामाचा अनुभव, मुलाखत हे सगळं धरतात. तुमचा अडीच वर्षांचा अनुभव तिथे उपयोगी पडेल, ते खरंय.

सीईटीत २०० पैकी ७५ प्रश्न लॉजिकल रीझनिंगचे आणि २५ ॲबस्ट्रॅक्टचे, म्हणजे निम्मा पेपर असा आहे की ज्याला दहावीचं गणितही लागत नाही. बैठक व्यवस्था, नातेसंबंध, सिलॉजिझम (दिलेल्या विधानांवरून निष्कर्ष), कोडिंग, आणि आकृत्यांच्या मालिका. गणित ५०, इंग्लिश ५०. तुम्ही गणिताला घाबरून थांबलाय आणि निम्मा पेपर तुमची वाट बघतोय!

अजून एक, पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हा गोंधळ फार जणांचा होतो. ९५ पर्सेंटाइल म्हणजे साधारण १०० पैकी ९५ जण तुमच्या मागे. कॅटमध्ये निम्म्याहून कमी मार्कांवर ९९ पर्सेंटाइल आलेले आहेत, त्यामुळे मॉकमध्ये ३५ टक्के मार्क दिसले की हातपाय गाळू नका.

सेतूवाली:
अभ्यासाचं वरच्यांनी सांगितलंय, मी कागदांचं सांगते, कारण आमच्या घरात यानेच घात झालाय. माझ्या मावसभावाला चांगलं पर्सेंटाइल होतं, पण नॉन-क्रीमिलेअरची मुदत संपलेली निघाली आणि नवीन वेळेत मिळालं नाही, त्याला ओपनमधून राउंड खेळावा लागला. तू कुठल्या प्रवर्गात आहेस ते विचारत नाही, पण जे लागू असेल ते आत्ताच काढ. डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रीमिलेअर किंवा ईडब्ल्यूएस. नॉन-क्रीमिलेअर प्रवेशाच्या वर्षातल्या पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं हवं, आणि पडताळणीला महिने लागतात, निकाल लागल्यावर धावून उपयोग नाही. कॅटच्या ओबीसी आरक्षणाला केंद्राच्या नमुन्यातला वेगळा दाखला लागतो हेही लक्षात ठेव.

आणि फीबद्दल, हे बाबांना नक्की सांग. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर कॅपमधून प्रवेश घेतलेल्यांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत शिक्षण शुल्काची निम्मी सवलत मिळते, आणि २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसीतल्या मुलींना शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. अर्ज सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा अभिमत विद्यापीठात गेलीस तर हे मिळत नाही, म्हणून कोणी "सीट आत्ताच बुक करा" म्हणालं तर पैसे भरू नकोस.

वारणाकाठ:
बाप रे, इतकं सविस्तर! सगळ्यांचे खूप आभार. मुलींच्या फीमाफीचं मला माहीतच नव्हतं, रात्री जेवताना बाबांना वाचून दाखवलं, त्यांनी दोनदा वाचायला लावलं. एक शंका, मॉक किती द्यायचे? एक मैत्रीण ६० म्हणतेय.

दिडकी:
संख्येच्या मागे लागू नका. मी दुसऱ्या वर्षी २२ दिले पण प्रत्येक मॉकला जेवढा वेळ तेवढाच नंतर तपासायला. वहीत तीन रकाने पाडा: येत होतं पण चुकलं, येतच नव्हतं, सोडायला हवं होतं पण धरून बसलो. माझा तिसरा रकाना सगळ्यात लांब असायचा. मॉक महिन्याच्या १२ ते १८ मध्ये बसवा, तुमच्या दोन्ही तारखांच्या मधला वेळ.

वारणाकाठ:
सहा आठवड्यांनी परत लिहितेय. आयटीआरचा गोंधळ संपल्यावर सीईटीचे दोन मॉक दिले. पहिल्यात ७१ आले, त्यात ८२ प्रश्न कोरेच राहिले होते, वेळ कुठे गेला कळलंच नाही. दुसऱ्यात शेवटची आठ मिनिटं राहिलेल्या प्रश्नांची उत्तरं अंदाजाने भरायला राखून ठेवली आणि एका बैठक व्यवस्थेच्या सेटवर दीड मिनिटात पाणी सोडलं, जीवावर आलं होतं पण सोडलं. ९४ आले. मराठीत सार लिहायची वही अर्धी भरलीय, अजून पाऊण तास लागतो पण पहिला पॅरा आता लक्षात राहतो. कॅटचा फॉर्म भरला. डोमिसाइल आणि उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज आज सेतूत दिला, बाबा दुकान बंद करून सोबत आले होते, पावती त्यांनीच घडी घालून पाकिटात ठेवलीय.

सेतूवाली:
छान! पावतीचा फोटो काढून ठेव, आणि पंधरा दिवसांत दाखला आला नाही तर तो नंबर घेऊन जाऊन विचार.